तेरणेचा काठ

गोदावरी, कृष्णा, भीमा या नद्यांना महाराष्ट्रात माहात्म्ये आहेत, घाट आहेत, पर्वण्या आहेत. लहान नद्यांच्या वाट्याला यांतले फारसे काही येत नाही. शाळेच्या नकाशात त्यांची एक बारीक निळी रेघ असते, आणि परीक्षेत विचारलेच तर ‘अमक्या नदीची उपनदी’ एवढ्या शब्दांत त्यांची बोळवण होते. तेरणा ही अशीच एक नदी होय. धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाच्या पठारावर, तेरखेड्याच्या आसपास ती उगम पावते, आग्नेयेकडे वाहत तेर गावावरून लोहारा तालुक्यात येते, पुढे औसा आणि निलंगा या तालुक्यांची शिवारे भिजवीत औराद शहाजानीच्या बाजूस मांजरेला मिळते. मांजरा गोदावरीला मिळते, आणि गोदावरीचे नाव तेवढे सर्वांच्या तोंडी राहते. मांजरेच्या खोऱ्याबाहेरच्या कोणास तेरणेचे नाव ठाऊक असलेच तर ते बहुधा एकाच कारणाने, आणि ते कारण शोकाचे आहे. १९९३ च्या भूकंपात जी गावे जमीनदोस्त झाली त्यांपैकी कित्येक या नदीच्या काठची होती.

परंतु तो एक दिवस म्हणजे या नदीचा इतिहास नव्हे. त्याच्या मागे निदान दोन हजार वर्षांची वस्ती उभी आहे. या वस्तीने नदीपासून काय घेतले आणि काठ सुटल्यावर काय सुटले, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडत नाही. धरणात किती पाणी साठले हे मोजता येते. काठाचे मोल असे मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते नाहीच असे समजण्याची आपल्याकडे सवय आहे.

प्रथम जमिनीविषयी. लोहारा, औसा, उमरगा या टापूत पायाखाली सर्वत्र काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून तो झाला. भूकंपानंतर किल्लारी येथे शास्त्रज्ञांनी जे खोल छिद्र घेतले त्यात या पाषाणाची जाडी ३३८ मीटर भरली, आणि त्याच्या तळाशी अतिप्राचीन ग्रॅनाइट लागला. असा खडक पाणी पोटात फारसे ठेवीत नाही. वरचा भाग जेथे कुजून मुरूम झाला आहे किंवा जेथे त्याला भेगा आहेत तेथेच काय ते पाणी मुरते. त्यावर पसरलेली काळी माती सुपीक खरी, पण स्वभावाने अडमुठी. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, आणि एकदा का ती भिजून फुगली की त्या भेगा मिटतात व पुढचे पाणी वरच्यावर वाहून जाते. पाऊस सरासरीने तीस इंचांच्या आगेमागे, तोही लहरी. मृगात येईल तर आर्द्रात दडी मारील, आणि सारी कसर भाद्रपदात एका आठवड्यात भरून काढील.

अशा प्रदेशात लहान नदीचे महत्त्व तिच्या वाहत्या पाण्यापेक्षा थांबलेल्या पाण्यात अधिक असते. पावसाळ्याचे चार महिने तेरणा वाहते, पुढे धार बारीक होते, आणि चैत्र-वैशाखात पात्रात ठिकठिकाणी डोह तेवढे उरतात. नदी आटली असे आपण म्हणतो त्या वेळीही पात्रातल्या वाळूखाली ओल असते. खेड्यातील बायका वाळूत हातभर खड्डा करून झरा पाडतात, आणि वाळूतून गाळून आलेले ते पाणी विहिरीच्या पाण्याहून निर्मळ असते. काठावरचा मुरूम आणि गाळ पुराच्या दिवसांत भरपूर पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सावकाश परत देतो. म्हणून या मुलखात नदीकाठच्या विहिरी माळावरच्या विहिरींच्या मागून आटतात. माळरानावर ही सोय नाही. जुनी गावे काठ धरून का वसली याचे उत्तर शोधण्यास फार लांब जावे लागत नाही.

काठच्या झाडांचे काम याहून मूक आहे. बाभूळ, करंज, उंबर, जांभूळ, निरगुडी ही दख्खनच्या ओढ्या-नद्यांच्या कडेची नेहमीची मंडळी. त्यांची मुळे दरडी धरून ठेवतात, पुराचा वेग मोडतात आणि शेतातून धुपून येणारी माती पात्रात जाण्यापूर्वी अडवितात. लव्हाळा आणि पानकणीस वाढलेल्या कडेला मासे अंडी घालतात. उन्हाळ्यात ज्या डोहात मरळ आणि वाम जीव धरून राहतात, त्याच डोहातून पुढल्या पावसाळ्यात साऱ्या पात्रात पुन्हा मासळी पसरते. डोह बुजला तर पुढल्या वर्षीचे बियाणेच गेले. खंड्या, ढोकरी, टिटवी, पाण्यावर वाकलेल्या बाभळीला घरटी टांगणारी सुगरण, यांचाही संसार याच अरुंद पट्ट्यात चालतो. भोवती मैलोगणती ज्वारी, तूर आणि हरभऱ्याची उघडी शिवारे असताना सावली, ओल आणि आसरा एकत्र असलेली जागा ही एवढीच असते. पिकावरची कीड टिपणारी पाखरे याच झाडांवर रात्री वस्तीला येतात, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आता इतिहासाकडे वळू. तेरणेच्या काठी, आजच्या धाराशिव शहराच्या ईशान्येस, तेर नावाचे गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक नाविकाने ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखला जाणारा प्रवासग्रंथ लिहिला. त्यात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असल्याचे सांगितले आहे. तेथून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून, भडोच बंदराकडे जात असे. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलातही तगराचा उल्लेख आहे. हे तगर कोणते यावर पंडितांचा पुष्कळ वाद झाला. कोणी ते देवगिरीच्या बाजूस नेले, कोणी जुन्नराकडे. अखेर १९०१ साली फ्लीट यांनी ते तेर असल्याचे दाखवून दिले, आणि पाठोपाठ पुराणवस्तु खात्याचे कझिन्स यांनी तेथील अवशेषांची पाहणी केली. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ मूळचा बौद्ध चैत्य असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. गावात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या प्रसिद्ध भारतीय मूर्तीची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. ती आणि तिच्यासारख्या पुष्कळ वस्तू तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहेत. कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे तगर सोडून शतके लोटली तरी स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत राहिले. नगर गेले, अभिमान उरला.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या नदीवर हे नगर उभे होते तिच्यातून नाव चालत नव्हती. माल गाड्यांनी जात होता. मग नदीचा उपयोग काय? कापूस काळ्या मातीचा आणि ती माती या खोऱ्यातली. कापड धुण्यास, रंगविण्यास आणि विटा भाजण्यास पाणी व गाळ लागतो, तो नदीचा. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या की त्या पाण्यावर तरंगतात अशी त्यांची ख्याती आहे. नाईल किंवा गंगा यांच्या काठीच नगरे उदयास येतात असे पाठ्यपुस्तके वाचून वाटू लागते. तगराने तो समज दोन हजार वर्षांपूर्वीच खोडून काढला आहे.

तगराच्या ऱ्हासाची कारणे अनेक असतील. रोमन साम्राज्याशी चालणारा व्यापार मंदावला हे एक उघड कारण आहे. पण याच संदर्भात एक आश्चर्याची गोष्ट पुढे आली. किल्लारीच्या भूकंपानंतर भूगर्भशास्त्रज्ञांनी तेरच्या जुन्या थरांची पाहणी केली, तेव्हा सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी तेथे भूकंपाने जमीन विस्कटली असावी असा काहींनी निष्कर्ष काढला. तो बरोबर असेल तर या नदीच्या काठावर जे १९९३ साली घडले ते पहिलेच नव्हते. माणसाची स्मृती तेवढी लांब नसते.

तगर मावळल्यावरही तेर ओस पडले नाही, आणि मराठी घराघरांत त्याचे नाव पोचले ते व्यापाऱ्यांमुळे नव्हे, एका कुंभारामुळे. संत गोरोबाकाकांची समाधी तेरणेच्या काठीच आहे. शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७, हे त्यांच्या समाधीचे वर्ष मानतात. चिखल तुडविताना नामात दंग झालेल्या गोरोबांच्या पायाखाली त्यांचे तान्हे मूल आले ही कथा, आणि संतमंडळींची डोकी थापटण्याने ठोकून कोणते मडके कच्चे, कोणते पक्के हे त्यांनी सांगितले ही कथा, दोन्ही सर्वांस परिचित आहेत. कथांचा अध्यात्मिक अर्थ कीर्तनकार सांगतीलच. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांतली माती पाहावी. कुंभाराला लागणारी चिकण माती दर पावसाळ्यात नदीच आणून टाकते. काकांच्या अंगणातला चिखल तेरणेच्या खोऱ्यातलाच असणार.

कुंभाराप्रमाणे इतरांचेही होते. परटाला वाहते पाणी हवे. दोर वळणाऱ्यांना अंबाडी आणि ताग कुजविण्यास साचलेले पाणी हवे. गुरे पाण्यावर नेण्यास उतार हवा. भोयांना मासळी हवी. बलुतेदारीचा विचार करताना आपण धान्याचे वाटे पाहतो, परंतु त्यातल्या निम्म्या धंद्यांचे भांडवल नदीत होते हे सहसा लिहिले जात नाही. कोणत्या जागी पिण्याचे पाणी भरावे, त्याच्या खाली कोठे गुरे धुवावी, आणखी खाली कोठे कपडे धुवावे, याचे नियम गावागावांत असत. त्या नियमांत जातिभेदाचा अन्यायही पुरेपूर होता. कोणाला पाणवठ्याच्या वरच्या अंगास येऊ द्यायचे आणि कोणाला नाही, हे जन्मावरून ठरे, आणि उन्हाळ्यात पाणी कमी झाले की त्या अन्यायाची धार अधिक तीव्र होई. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना हे विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र नदीकडे रोज कोणाचे ना कोणाचे लक्ष असे, ही गोष्टही तितकीच खरी.

मराठी खेड्याच्या भाषेत दोन शब्द आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे गावठाण, जेथे पिढ्यान्‌पिढ्या घरे पडून, चुलींची राख मिसळून माती पांढुरकी झाली ती जागा. नदीकाठच्या उंचवट्यावर पांढरी आणि तिच्या सभोवार काळी, अशी तेरणाकाठच्या गावांची बैठक होती. घरे दगडाची, दीड-दोन हात जाड भिंतींची, मातीत रचलेली. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर, म्हणजेच माळवद. वैशाखाच्या उन्हात असे घर गुहेसारखे थंड राहते. पावसाळ्यात माळवद गळू लागले की त्यावर आणखी पांढरी माती टाकावी, अशी रीत होती. वर्षानुवर्षे हे होत गेले. थरावर थर चढला, आणि प्रत्येक कुटुंबाच्या निजेवर कित्येक खंडी माती टांगली गेली. ती धोक्याची आहे असे कोणाला वाटण्याचे कारणच नव्हते. हा सारा दख्खन म्हणजे अढळ भूमी, असे पुस्तकेही सांगत होती. सरकारी नकाशात किल्लारीचा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक पट्ट्यात घातला होता.

राजकीय इतिहास येथे थोडक्यात सांगून पुरे. बहामनी, आदिलशाही, मोगल आणि निजाम अशा सत्ता या खोऱ्यावरून गेल्या. नळदुर्ग हे जिल्ह्याचे ठाणे होते ते १९०४ साली धाराशिवास आले. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. नदीच्या दृष्टीने यांतल्या कोणत्याही घटनेने विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो १९७२ च्या दुष्काळानंतर. पाणी अडविले पाहिजे हा विचार त्या दुष्काळाने प्रत्येकाच्या मनावर कोरला, आणि तो विचार योग्यच होता. पुढे लोहारा तालुक्यातील माकणी येथे निम्न तेरणा प्रकल्पाचे मातीचे धरण उभे राहिले आणि १९८० च्या दशकाअखेर ते पाणी साठवू लागले.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९९२ च्या ऑक्टोबरात, किल्लारीच्या परिसरात जमिनीतून गडगडाट होऊ लागले आणि लहान धक्के बसले. लोक घाबरले, काही दिवस अंगणात झोपले, मग धक्के थांबले आणि भीतीही ओसरली. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून रात्री उशिरा दमूनभागून मंडळी घरी आली आणि निजली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दगडी भिंती मातीतून निसटल्या आणि माळवदे खाली बसली. नदीच्या उत्तरेस किल्लारी, दक्षिणेस सास्तूर, होळी, राजेगाव आणि दोन्ही बाजूंची कित्येक गावे एका मिनिटाच्या आत ढिगारे झाली. मृतांची संख्या शासकीय नोंदीप्रमाणे आठ हजारांच्या जवळपास होती. अशाच तीव्रतेचे भूकंप जगात पुष्कळ होतात आणि त्यांत इतकी माणसे मरत नाहीत. येथे मारले ते छपराने. शिवाय खडकावरच्या घरापेक्षा मऊ मातीवरच्या घराला हादरा अधिक बसतो, हे भूकंपशास्त्राचे साधे तत्त्व आहे, आणि काठची माती तर मऊ व जाड. ज्या मातीने गावे दोन हजार वर्षे पोसली, तिचीच ही दुसरी बाजू होती.

माकणीच्या जलाशयाने हा भूकंप घडविला काय, असा प्रश्न लगेच उठला. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण ताजी असल्याने तो उठणे स्वाभाविक होते. कोयनेचे धरण शंभर मीटरांहून उंच. त्या मानाने माकणीचे धरण ठेंगणे आणि साठाही थोडका. पाणी खडकातील जुन्या भेगांत उतरून त्याने आधीच ताणलेला दोष सैल केला असावा, असे काही शास्त्रज्ञ मानतात. इतरांच्या मते खडकातला ताण केव्हा ना केव्हा मोकळा होणारच होता आणि एवढ्याशा जलाशयाला दोष देण्यास आधार नाही. या वादात एका बाजूने ठाम निकाल देणारा माणूस शास्त्राहून अधिक काही जाणतो असे समजावे. सरकारी नकाशा मात्र बदलला. २००२ साली हा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला.

भूकंपानंतरच्या मदतीची हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठी योजना झाली. ५२ गावे जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी वसविण्यात आली. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. लोकांना जुन्या जागी राहवत नव्हते हेही खरे आहे. ज्या ढिगाऱ्याखालून मुलाबाळांना काढले त्याच ढिगाऱ्यावर चूल मांडा, असे कोणी कोणास सांगावे? स्थलांतराचा निर्णय समजण्याजोगा होता, आणि नव्या घरांनी जीव वाचतील यात शंका नाही. या इतिहासात दोषारोपाला जागा थोडी आहे.

तरीपण काय घडले ते पाहिले पाहिजे. नवी गावे नदीपासून दूर, मोकळ्या रानात, आखीव चौकोनांत उभी राहिली. जुने गाव दाटीवाटीचे होते, नवे त्याच्या कित्येक पट पसरले. आरंभी तेथे सावलीला झाड नव्हते. पिंपळाच्या पाराला, वडाला, वेशीला पर्याय आराखड्यात नसतो. झाडे लोकांनी मागाहून लावली आणि ती आता मोठी झाली आहेत. लोकांनी भिंती वाढविल्या, परसू केले, देवळे बांधली, आणि ती गावे हळूहळू गावांसारखी झाली. फक्त नदी पुन्हा जवळ आली नाही. पाणवठ्यावरची रोजची ये-जा थांबली. पुराची चाहूल घेणे, दरड कोसळली तर चार माणसांनी जाऊन पाहणे, डोहात कोणी विषारी वनस्पती टाकून मासे मारीत असेल तर त्याला हटकणे, ही कामे कोणाच्या नावावर लिहिलेली नव्हती. जवळ राहणारा ती सहज करीत असे. मैल-दोन मैल दूर राहणाऱ्याकडून ती होत नाहीत.

जुन्या गावठाणांचे काय झाले? पडक्या भिंतींत बाभळी उगवल्या, आणि बाभळीहून अधिक उगवली ती वेडी बाभूळ. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आणले गेले आणि जळणाला बरे म्हणून पसरले. ज्या जमिनीकडे कोणी पाहत नाही तिच्यावर ते आधी हक्क सांगते. त्याच्या दाट जाळीत दुसरे रोप सहसा वाढत नाही. काही पाखरांना आणि कोल्ह्या-मुंगसांना त्या जाळीत आसरा मिळतो हेही खरे, म्हणून तिला सरसकट शाप म्हणणे योग्य नाही. परंतु करंज, उंबर आणि जांभूळ यांची जागा ती भरून काढीत नाही.

नदीच्या पात्रावर यापेक्षा मोठे संकट आले ते वाळूच्या मागणीचे. सिमेंटची घरे वाढली, शहरे वाढली, आणि वाळू सोन्याच्या मोलाची झाली. भूकंपानंतर सुरक्षित घरे बांधण्यास जी वाळू लागली तीही अर्थात कोठल्या ना कोठल्या नदीतूनच आली. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात वाळू मुळातच थोडी असते, कारण हा खडक झिजून मुख्यतः चिकण माती होतो. उपसलेली वाळू भरून यायला पिढ्या लागतात. पूर्वी वर सांगितलेला झरा, जो वाळूत हात घालताच लागे, तो वाळू गेल्यावर कोठून लागणार? वाळू हीच नदीची विहीर होती. तिच्याबरोबर काठच्या विहिरींची पातळीही खाली जाते. लिलावाच्या दप्तरात मात्र उपसलेल्या वाळूचा आकडा उत्पन्न म्हणून पडतो, तोट्याचा रकाना तेथे नाही.

तिसरी गोष्ट उसाची. तेरच्या जवळ ढोकी येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याला नदीचेच ‘तेरणा’ हे नाव देण्यात आले. उसाने या भागात रोख पैसा आणला, शाळा-कॉलेजे आणली, घरात शिकलेली माणसे आणली. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु उसाला वर्षाकाठी दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते, आणि या खोऱ्यात पाऊस पडतो त्याच्या निम्म्याहूनही कमी किंवा फार तर निम्मा. राहिलेले पाणी जमिनीतून, धरणातून आणि नदीतून काढावे लागते. ज्वारी, तूर, करडई यांच्या शिवाराला नदी पुरत होती. उसाला ती पुरत नाही.

याचा परिणाम २०१६ च्या उन्हाळ्यात साऱ्या देशाने पाहिला. सलग अवर्षणाने मांजरेचे धरण कोरडे पडले आणि शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. दोन हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यातून कापडाच्या गाड्या बाहेर जात. आता पाण्याची गाडी आत आली. त्यानंतर पाच वर्षांनी, २०२१ च्या सप्टेंबरात, याच मांजरा आणि तेरणा नद्यांना मोठे पूर आले, धरणांची दारे उघडावी लागली आणि काठची उभी पिके वाहून गेली. अवर्षण आणि अतिवर्षण हे या मुलखाला नवे नाही. परंतु काठची झाडे, लव्हाळ्याची कड आणि पात्रातली वाळू शाबूत असती तर पुराचे थोडे अधिक पाणी जमिनीत उतरले असते आणि उन्हाळ्यात थोडे अधिक परत मिळाले असते. ते किती, याचा आकडा सांगता येणार नाही. पण ‘थोडे’ हा शब्द तीस इंच पावसाच्या प्रदेशात लहान नव्हे.

काठ गेला तरी लोक आजही तेरणेचेच पाणी पितात, ही गोष्ट येथे सांगितली पाहिजे. माकणीच्या जलाशयातून किल्लारी परिसरातील तीस खेड्यांची पाणीपुरवठा योजना करण्यात आली. नदी आता नळातून घरी येते. डोक्यावरचा हंडा उतरला, आणि पाणवठ्यावरच्या उच्चनीचतेलाही आळा बसला. ज्या बायकांनी वैशाखात वाळू उकरली आहे त्यांना या सोयीचे मोल दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. केवळ एवढेच झाले की, पाणी आणि नदी या दोन वस्तू वेगळ्या झाल्या. नळाला पाणी आले नाही तर लोक योजनेच्या कचेरीत तक्रार करतात. पात्रात काय चालले आहे ते पाहण्यास कोणी जात नाही, आणि त्यांना जाण्याचे कारणही उरलेले नाही.

लोहारा हा स्वतंत्र तालुका १९९९ साली झाला. पूर्वी ही गावे उमरगा तालुक्यात होती. नव्या तालुक्याच्या वाट्याला माकणीचे धरण आले, सास्तूरसारखी पुन्हा वसलेली गावे आली, आणि नदीकाठची सोडलेली गावठाणेही आली. या गावठाणांची जमीन शेतीला फारशी उपयोगाची नाही, कारण तीत दगड फार. पण तेथे जुन्या विहिरी आहेत, पाराचे वड-पिंपळ काही ठिकाणी उभे आहेत, आणि नदीला लागून असलेली ती सलग पट्टी कोणी नांगरलेली नाही. वेडी बाभूळ काढून करंज आणि उंबर लावण्यास, डोह मोकळे करण्यास याहून सोयीची जागा साऱ्या खोऱ्यात मिळणे कठीण. पाणलोटाची कामे माळावर पुष्कळ झाली. काठावर मात्र अद्याप थोडीच आहेत.

दर वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी मृतांना मानवंदना देतात. त्या सुमारास परतीचा पाऊस चालू असतो, शिवारात सोयाबीन काढणीला आलेले असते, आणि पाऊस बरा झाला असेल तर तेरणा दोन्ही थड्या भरून माकणीकडून खाली वाहत असते.